संशोधनाचा खरा खर्च सरकारला कळणार कसा? कापसाच्या बियाण्यावरून एक सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट कळलाय का हे तुम्हालाही पाहता येईल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात सात एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावता. 2025 च्या हंगामात बीजी-2 कापसाच्या (बीटी नावाच्या जिवाणूची, बोंडअळीला मारणारी दोन जनुकं घातलेल्या कापसाच्या) बियाण्याचं पाकीट कोणत्याही कंपनीचं घ्या, सरकारने बांधलेला कमाल दर 901 रुपये होता. कंपन्या सांगतात की दर बांधल्यामुळे संशोधन परवडत नाही, म्हणून नवं काही येत नाही. सरकारी बाजू सांगते की मोकळं सोडलं तर शेतकरी लुटला जाईल. तुमचं म्हणणं असं, की सरकारने कंपन्यांची खाती तपासावीत, संशोधनाचा खरा खर्च काढावा, त्यावर वाजवी नफा द्यावा आणि वाद मिटवावा. हे इतकं सरळ असताना कोणी करत का नाही?

मी सव्वीस वर्षं बियाणे उद्योगात काढली. आधी पैदास विभागात, वाणांचे संकर करण्यात. पुढे मंजुरीची कागदपत्रं आणि दराचे तक्ते तयार करण्यात. जालन्याच्या परिसरात बियाण्याच्या धंद्यातली बरीच माणसं दोन्ही बाजू पाहतात, तशा मीही पाहिल्या. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या प्रश्नातला ‘खरा खर्च’ हा शब्दच अडचणीचा आहे. दर जास्त की कमी हा वाद नंतरचा. मूळ अडचण ही, की तीन पक्षांकडे तीन वेगवेगळी माहिती आहे. कंपनीला माहीत असतं की वाण काढायला काय लागलं आणि त्यात किती फसलं. तुम्हाला ते वाण तुमच्या रानात कसं निघालं हे ऑक्टोबरमध्ये बोंड फोडल्यावर कळतं. आणि दर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला यातलं काहीच थेट दिसत नाही. कंपनी जे कागद देईल तेवढेच त्याच्यासमोर असतात.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे ‘खाती तपासा’ या उपायाचं काय होतं ते समजेल. बऱ्याच वर्षांपूर्वी दरासंबंधीच्या एका बैठकीसाठी आमच्याकडून खर्चाचा तक्ता मागवला होता. बीजोत्पादनाचा खर्च लिहायला काहीच त्रास झाला नाही. बीजोत्पादक शेतकऱ्याला दिलेला दर, मादी झाडाच्या कळ्यांतले पुंकेसर काढून हाताने परागीभवन करणाऱ्या बायांची मजुरी, सरकीवरची लव काढणं, बीजप्रक्रिया, पॅकिंग, प्रत्येकाचं बिल होतं. मग शेवटची ओळ आली: संशोधन. दहा वर्षांत आम्ही हजारो संकर केले होते, त्यातला एक वाण बाजारात चालला. फसलेल्या संकरांचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा? चाललेल्या वाणावर, की पुढे येणाऱ्यांवर? पॉलिहाऊस मिरचीसाठीही वापरलं जायचं, प्रयोगशाळा मक्यासाठीही. पैदासकाराचा पगार एकच, पिकं तीन. मी वाटणी एका पद्धतीने केली तेव्हा पाकिटामागचा संशोधन खर्च एक आला. महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी तीच वाटणी वेगळ्या पद्धतीने केली, तेव्हा तो जवळपास निम्मा आला. दोन्ही तक्त्यांत खोटं बिल एकही नव्हतं. दोन्ही तक्ते लेखापरीक्षकाने मान्य केले असते. कोणता तक्ता कुठे द्यायचा हे मात्र वरून ठरलं, आणि मी तो दिला. तेव्हापासून मला कळून चुकलंय की ‘खरा खर्च’ म्हणून कपाटात ठेवलेला एखादा आकडा नसतो, जो प्रामाणिक अधिकाऱ्याला शोधून सापडेल.

अर्थशास्त्रात या कोड्यावर गंभीर काम झालंय. 1982 साली बॅरन आणि मायरसन यांनी नेमकी हीच परिस्थिती मांडली: मक्तेदार कंपनीचा खर्च तिलाच माहीत आहे, नियामकाला नाही, तर दर कसा बांधावा? पुढे लाफाँ आणि तिरोल या दोन फ्रेंच अर्थतज्ज्ञांनी त्याची मोठी चौकट उभी केली. तिरोल यांना 2014 चं नोबेल याच कामासाठी मिळालं. गणित अवघड आहे, पण त्यातला विचार आपल्या गावातल्या प्रत्येक जमीनमालकाला माहीत असतो. मालक रान कसायला देतो तेव्हा समोरचा माणूस किती कष्टाळू, किती जाणता, हे त्याला ठाऊक नसतं. विचारलं तर सगळेच ‘मी चांगला कसतो’ म्हणणार. म्हणून मालक विचारत बसत नाही, तो दोन वाटा समोर ठेवतो: ठोक्याने घे, म्हणजे ठरलेली रक्कम दे आणि पीक तुझं, नाहीतर बटईने घे, म्हणजे जे निघेल ते अर्धं-अर्धं. ज्याला स्वतःच्या हातावर भरवसा आहे तो ठोका घेतो. ज्याला नाही तो बटई घेतो. बरेचदा माणूस तोंडाने सांगत नाही ते त्याच्या निवडीतून कळतं. (ज्याच्याकडे ठोक्याची रक्कमच नाही असा चांगला कसणाराही बटईवर जातो, ही उणीव या पद्धतीत कायम राहते, आणि लहान बियाणे कंपन्यांनाही ती लागू पडते.)

यातून एक कटू गोष्ट निघते, जी आपल्याकडे कोणाला ऐकायला आवडत नाही. ठोका घेणाऱ्या चांगल्या शेतकऱ्याच्या पदरात मालकाच्या हिशेबापेक्षा थोडं जास्त पडतंच. ते काढून घ्यायला गेलात तर पुढच्या वर्षी तोही बटई मागेल आणि मालकाला कोण चांगला, कोण वाईट हे कधीच कळणार नाही. म्हणजे माहिती मिळवायची तर ज्याच्याकडे ती आहे त्याच्यासाठी काही ठेवावं लागतं. ते शून्यावर आणता येत नाही. किती ठेवायचं, एवढंच ठरवता येतं.

आता कापसाचा इतिहास या नजरेने पाहू. मार्च 2002 मध्ये पहिल्या तीन बीटी संकरित वाणांना मंजुरी मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत 450 ग्रॅमच्या पाकिटाला 1,600 ते 1,850 रुपये पडायचे, आणि आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार नेली तेव्हा त्यातले 1,250 रुपये निव्वळ तंत्रज्ञान शुल्काचे, म्हणजे जनुकाच्या मालक कंपनीला जाणारे, असल्याचं पुढे आलं. 2006 मध्ये आंध्रने दर 750 वर आणला. महाराष्ट्राने 2009 मध्ये कापूस बियाण्याच्या दराचा स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राचा दर नियंत्रण आदेश आला. त्यानंतर बीजी-2 वरचं तंत्रज्ञान शुल्क कसं उतरलं पाहा: आधी पाकिटामागे सुमारे 163 रुपये, 2016 मध्ये 49, 2018 मध्ये 39, 2019 मध्ये 20 आणि 2020 मध्ये शून्य.

माझं मत स्पष्ट सांगतो. सुरुवातीचे 1,250 रुपये ही मक्तेदाराची किंमत होती आणि सरकारने हात घातला ते योग्यच केलं. शुल्क खाली आणायलाही कारणं होती: गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी जनुकाला दाद देत नाही हे गुजरातमधल्या काही जिल्ह्यांपुरतं 2010 मध्ये जनुकाच्या मालक कंपनीनेच जाहीर केलं होतं, बीजी-2 लाही ती दाद देत नाही हे 2017 च्या हंगामात तुम्ही विदर्भात डोळ्यांनी पाहिलंत, आणि 2019 च्या अखेरीस पेटंटची मुदतही संपली. तरीही ज्या पद्धतीने ते खाली आलं, ती पद्धत मला चुकीची वाटते. दरवर्षी मार्चच्या आसपास आदेश निघेपर्यंत कोणालाच आकडा माहीत नसायचा. संशोधनाचा पैसा आधी जातो, परतावा दहा-बारा वर्षांनी येतो. एकदा पैसा जमिनीत गेला की दर कितीही खाली ओढला तरी कंपनी तो वाण परत उपटून नेऊ शकत नाही, त्यामुळे खाली ओढण्याचा मोह प्रत्येक सरकारला होतो. जुन्या तंत्रज्ञानाचं त्याने काही बिघडत नाही. पुढचं तंत्रज्ञान आणायचं की नाही हे ठरवणारा मात्र ते पाहत असतो. 2016 मध्येच तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कापसाचा मंजुरीसाठीचा अर्ज मागे घेतला गेला.

आणि ते तंत्रज्ञान आलं नाही असंही नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ते चोरवाटेने आलं. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने तेच बियाणं उघडपणे पेरून आंदोलन केलं. निंदणीच्या मजुरीने पिचलेल्या माणसाचा संताप मला समजतो. पण ते पाकीट कोणत्या नावाचं, कोणत्या लॉटचं, आत कोणतं जनुक, उगवण किती, काहीच माहीत नाही. बिल नाही, म्हणून तक्रारही नाही. माहितीची दरी कमी करायला निघालेल्या व्यवस्थेने शेतकऱ्याला सगळ्यात अंधाऱ्या बाजारात नेऊन उभं केलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा परिणाम कमी बोलला जातो. सगळ्या पाकिटांना एकच कमाल दर असल्यामुळे ज्या पैदासकाराने तुडतुड्यांना दाद न देणारा, मोठ्या बोंडाचा, वेचायला सोपा वाण बारा वर्षं खपून काढला, त्याचं पाकीट आणि कोणाचा तरी उसना वाण नवं नाव लावून भरलेलं पाकीट, दोन्ही एकाच दराला. मग शहाणा धंदेवाला पैसा कुठे घालेल? नव्या नावात, रंगीत पाकिटात आणि विक्रेत्याच्या कमिशनमध्ये. एका टप्प्यावर देशात मंजूर बीटी संकरित वाणांची संख्या हजारावर गेली होती. इतक्या नावांत चांगलं ओळखणं तुम्हालाच काय, मलाही अवघड गेलं असतं. एखादा वाण खरंच चालला की त्याची टंचाई होते, कृषी सेवा केंद्रात तो जादा दराने किंवा लिंकिंग करून, म्हणजे नको असलेलं खत-औषध गळ्यात मारून विकला जातो. तुमच्या खिशातून पैसा जातोच, फक्त तो पैदासकाराकडे न जाता मधल्या माणसाकडे जातो.

इथपर्यंतचं थोडक्यात: खर्च विचारला तर फुगवून येतो, एकच दर लावला तर चांगल्याला बक्षीस नाही, आणि दर दरवर्षी बदलला तर पुढचा कोणी येत नाही. मग काय करायचं? माझ्या मते ठोका-बटईसारखे दोन पर्याय, मंजुरी देतानाच, आणि आठ-दहा वर्षांसाठी पक्के.

समजा नवं बोंडअळीरोधक तंत्रज्ञान येतंय. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत.) पहिला पर्याय: पाकिटामागे 40 रुपये शुल्क, कसलीही हमी नाही. दुसरा पर्याय: पाकिटामागे 100 रुपये, पण ज्या तालुक्यात प्रादुर्भाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला तिथल्या शेतकऱ्यांना पाकिटामागे 200 रुपये परत. ज्या कंपनीला स्वतःला माहीत आहे की आपलं तंत्रज्ञान दहापैकी एकाच तालुक्यात फसेल, तिला दुसऱ्या पर्यायात सरासरी 100 वजा 20, म्हणजे 80 रुपये पडतात. ती दुसरा घेईल. ज्या कंपनीला माहीत आहे की दहापैकी चार तालुक्यांत फसेल, तिला 100 वजा 80, म्हणजे 20 रुपयेच पडतात. ती गपचूप पहिला घेईल. तिने पहिला घेतला ही बातमीच तुमच्यासाठी माहिती आहे, पाकिटावर छापता येण्यासारखी. सरकारने कोणाचंही खातं उघडलं नाही, तरी जे कळायला हवं होतं ते कळलं. चांगल्या कंपनीला कदाचित 50 रुपयांतही परवडलं असतं. वरचे 30 ही मघाशी सांगितलेली माहितीची किंमत. ती द्यायची माझी तयारी आहे, कारण फसल्यावर पैसे शेतकऱ्याकडे परत येतात. शिवाय अळीची प्रतिकारशक्ती वाढत गेली की फसणारे तालुके वाढतात, परताव्याची रक्कम वाढते, आणि कंपनीचं उत्पन्न आदेशाशिवाय आपोआप खाली येतं. ते खाली ओढण्याचं काम रानाने करावं, मंत्रालयाने नव्हे.

यात खरी अडचण मोजण्याची आहे आणि ती मी लपवत नाही. अळी आली ती तंत्रज्ञान फसलं म्हणून, की शेजाऱ्याने फरदड ठेवली (हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी रानात राखली) म्हणून, की मे महिन्यात धूळपेर (पावसाआधी कोरड्यात पेरणी) केली म्हणून? अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढू नये म्हणून पूर्वी पाकिटासोबत यायची ती 120 ग्रॅम बिगर-बीटीची पुडी आपण किती जणांनी खरंच कडेने लावली? मी स्वतः शिवारं फिरलोय. धुऱ्यावर फेकलेल्या पुड्या पाहिल्यात. ती पुडी न लावण्याचा तोटा एका शेतकऱ्याला दिसत नाही, सगळ्या तालुक्याला पाच वर्षांनी दिसतो. म्हणून मोजणी एकेका शेतात करून भांडणं लावू नयेत. पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग जसे मंडळनिहाय होतात, तशी बोंडांची तपासणी सोडतीने निवडलेल्या शेतांत व्हावी. मोजायची रीत कृषी विभागाने आधीच घालून दिली आहे: हिरवी बोंडं फोडून दहा टक्क्यांत अळी सापडली, किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली. आणि मोजणारा कंपनीचा नसावा, हे सांगायलाच नको.

चाचण्यांबद्दलही हेच. मंजुरीसाठीची बरीचशी माहिती अर्जदार कंपनीच तयार करते. मी केलेल्या एका अहवालात नऊ ठिकाणच्या चाचण्यांपैकी सातच गेल्या. दोन ठिकाणी ‘पाऊस खराब होता’. पाऊस खराब होताच, पण उरलेल्या सात ठिकाणांपैकी एकावरही तो चांगला नव्हता, फक्त तिथे आकडे चांगले आले होते. उपाय स्वस्त आहे: पेरणीआधीच सगळ्या ठिकाणांची नोंद करून घ्यायची, बियाण्याला नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्यायचा, आणि नोंदलेलं प्रत्येक ठिकाण अहवालात आलंच पाहिजे असा नियम करायचा. अकोला, परभणी, राहुरी इथल्या कृषी विद्यापीठांत हे करण्याची क्षमता आहे.

विद्यापीठांचा विषय निघाला म्हणून आणखी एक. नांदेडच्या सरकारी कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-44 हा संकरित वाण मराठवाडा-विदर्भात वर्षानुवर्षं चालला. तेव्हा सरकारला वाण काढायला काय लागतं हे स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं. 2009 मध्ये सार्वजनिक संस्थांनी बीकानेरी नरमा बीटी हा सरळ वाण (ज्याचं बियाणं घरी ठेवता येतं असा) आणला, पण त्यात खाजगी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळली आणि तो त्याच वर्षी थांबवावा लागला. ते नुकसान एका वाणाचं नव्हतं. सरकारी पैदासकार चालू असतो तोवर दर ठरवणाऱ्याकडे कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहायला स्वतःचा एक आकडा असतो. तो पैदासकार बंद पडला की नियामक आंधळा होतो. म्हणून संशोधन केंद्रातली पैदासकाराची रिकामी जागा मला बियाण्याइतकीच दराच्या दृष्टीनेही काळजीची वाटते.

हे सगळं पिकानुसार बदलतं. सोयाबीनचं बियाणं तुम्ही घरचं ठेवू शकता, तिथे कंपनीची दर वाढवण्याची ताकद मुळातच कमी, मग इतकं नियमन लागत नाही. भाजीपाल्यात वाण लवकर बदलतात आणि शेतकरी एका हंगामात शिकतो. कापसात संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं आणि चूक कळेपर्यंत हंगाम गेलेला असतो, म्हणून तिथे ही दरी सगळ्यात खोल आहे.

आता तुमच्या हातात काय आहे. पीक वाण संरक्षण कायदा 2001 च्या कलम 39 मध्ये नोंदणीकृत वाणाच्या पैदासकाराने अपेक्षित कामगिरी सांगितली पाहिजे, आणि तेवढी मिळाली नाही तर शेतकऱ्याला भरपाई मागता येते, असं लिहिलंय. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, तो ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) जाऊ शकतो, हे मान्य केलंय. पण दोन्हीकडे कागद लागतो. म्हणून बिल पक्कं घ्या, रिकामं पाकीट लॉट क्रमांकासकट जपून ठेवा. सात एकरांत एकच वाण न लावता किमान दोन लावा, ओळी ओळखता येतील अशी खूण ठेवा. फुलं लागल्यापासून दर आठवड्याला डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली फुलं) मोजा, बोंडं धरल्यावर दोन्ही वाणांतली वीस-वीस हिरवी बोंडं फोडा आणि किती किडकी निघाली ते तारखेसह वहीत लिहा. गावातल्या पाच-सहा जणांनी अशी वही ठेवली, तर हंगाम संपल्यावर मला कळवा. त्या नोंदींचा तक्ता कसा लावायचा आणि तो कृषी विभागाकडे कोणत्या स्वरूपात द्यायचा, ते मी तुम्हाला बसून करून देईन.